मदत हवी आहे: १०० चा फोर्क काढून १४० चा बसवायचाय (कोल्हापूर)

मसाईवारा
मंडळी, लवकर सांगा, रविवारी परत जायचंय. सायकलला १०० चा फोर्क (१०० मिमी दबणारा पुढचा सस्पेन्शन) आहे, तो काढून १४० चा टाकायचाय. मसाई पठारावरून उतरताना पुढचं चाक जांभ्याच्या खड्ड्यात बसलं की मी हँडलवरून पुढं. महिन्यात दोनदा झालं. तळहाताचं साल गेलंय, लाल माती अजून नखात आहे. हेड अँगल (फोर्कचा कोन) झोपवला की हे थांबतं म्हणतात. १४० बसेल का आणि कोल्हापुरात कोण बसवून देईल, एवढंच पाहिजे.

जोतिबाचढ
सायकल कुठली, चाक २६, २७.५ की २९? तुझी उंची, वजन? स्टीअरर (फोर्कचा फ्रेममध्ये जाणारा दांडा) सरळ की टेपर्ड, म्हणजे खाली जाड होणारा? स्टेम (हँडल धरणारा तुकडा) किती लांब? हे कळल्याशिवाय काय सांगणार भावा.

उद्यमनगरचा टर्नर
फोर्कला एवढे पैसे कशाला घालवतोस? फ्रेम घेऊन ये. हेड ट्यूब (फ्रेमची पुढची नळी) कापून दोन डिग्री झोपवतो आणि टिग वेल्डिंग मारून देतो. तीस वर्षं लेथवर आणि वेल्डिंगवर काढलीत, ॲल्युमिनियम काय नवीन नाही मला.

गिअर आठवा
टर्नर काका, तुमच्या हाताबद्दल शंका नाही. पण फ्रेम ६०६१ ॲल्युमिनियमची असणार आणि ती कारखान्यातून टी-६ करून, म्हणजे तापवून-विझवून कडक होऊन येते. वेल्ड मारला की शेजारचा पट्टा मऊ पडतो. ताकद परत आणायला अख्खी फ्रेम ५३० डिग्रीच्या आसपास तापवून विझवायची, मग पावणेदोनशेला काही तास एजिंग करायचं. आणि हेड ट्यूब तुटते ती उतारावरच.

उद्यमनगरचा टर्नर
अरे बाळा, भट्ट्यांचं कोल्हापुरात सांगतोस होय? हीट ट्रीटमेंट रोज होते इथं.

गिअर आठवा
भट्टी आहे हो काका, पण पातळ नळीची फ्रेम विझवताना पिळवटते. सरळ ठेवायला जिग लागतं आणि एका सायकलसाठी ते कोण करणार?

उद्यमनगरचा टर्नर
जिगचं खरंय. एका नगाला परवडायचं नाही.

मसाईवारा
भांडण नको, उत्तर द्या. २९ ची हार्डटेल (मागं सस्पेन्शन नाही), फ्रेम १९ इंची. उंची ५ फूट ६, वजन ७२. स्टेम ९० चा. स्टीअरर कसा बघायचा? दुकानात विचारलं तर म्हणाले, "कुठलापण बसतोय, पैसे आणा."

जोतिबाचढ
कुठलापण बसत नाही! हेड ट्यूब वर-खाली सारख्याच जाडीची असेल आणि आतून ३४ मिमी भरली, तर तुझा स्टीअरर सरळ १ १/८ इंची. खाली दीड इंच असलेला टेपर्ड फोर्क त्यात जाणार नाही. आतून ४४ असेल तर खालचा कप बाहेरून बसवून जमतं. आजचे बहुतेक १४० चे फोर्क टेपर्डच आहेत, बऱ्याच फोर्कना ११० मिमीचं रुंद बूस्ट हब लागतं. म्हणजे पुढचं चाकही बदललं.

मोठा मुद्दा पुढचाच. फोर्क २० मिमी वाढला की हेड अँगल साधारण १ डिग्री झोपतो, ४० ला २. सीट अँगलही तेवढाच मागं जातो आणि ४० ला बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस) दीडेक सेंटीमीटर वर येतं. मग जोतिबाचा चढ मारताना पुढचं चाक उचललं जाणार. १०० साठी बनलेल्या फ्रेमच्या हेड ट्यूबवर लांब फोर्कचा पहारीसारखा जोर येतो, हे वेगळंच. १२० च्या वर जाऊ नकोस.

रंकाळाफेरी
मी म्हणतो इ-बाईकच घे. गुडघ्यांना आराम आणि गगनबावड्यापर्यंत निवांत जाऊन येता येतं.

पन्हाळगडी
विषय थोडा वेगळा आहे, पण बोलतो. जुलै १६६० मध्ये महाराज पन्हाळ्यावरून निघाले ते याच पठारावरून विशाळगडाकडं गेले. आता ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे. पावसाळ्यानंतर फुलं असतात तेव्हा तरी पायवाट सोडून चाक घालू नका रे.

मसाईवारा
दादा, वाट सोडत नाही, शब्द आहे. आणि इ-बाईक विचारली नव्हती.

शाहूपुरी सायकल
मला एक सांग, उतरताना सीट कुठं असते? आणि टायरमध्ये हवा किती?

मसाईवारा
सीट चढाला असते तिथंच. हवा पंपवाल्यानं टाकली तेवढी. काल मोजली, ५५ पीएसआय निघाली. त्याचा काय संबंध?

शाहूपुरी सायकल
सगळा संबंध आहे! सव्वादोन इंची टायरमध्ये ५५ म्हणजे दगडावर दगड. पुढं २८, मागं ३२ कर. उताराच्या आधी सीट सात-आठ सेंटीमीटर खाली घे, नाहीतर कंबर मागं नेताच येत नाही. ५ फूट ६ ला १९ ची फ्रेम मोठीच, वर ९० चा स्टेम, म्हणजे तू पुढच्या चाकावर लोंबकळतोयस. ५० चा स्टेम आणि ७४० चा हँडलबार टाक. क्लॅम्प दोन्हीचा ३१.८ चाच घे.

गिअर आठवा
ट्यूब असताना २८? जांभ्याची कड रिमवर आपटली की ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं. बाभळीचे काटे वेगळेच. रिम ट्यूबलेस चालणारी असेल तर टेप आणि सीलंट घाल, मग हवा उतरव. मी स्वतः तीन पंक्चर काढलेत एका उतारावर.

शाहूपुरी सायकल
तीसपासून सुरू करू दे की मग. ५५ पेक्षा बरंच.

जोतिबाचढ
वाऱ्या, अजून एक कर. फोर्कच्या पायाला झिप टाय बांध, खाली सीलपर्यंत ढकल आणि तीच वाट उतर. किती वर सरकला ते मोज.

मसाईवारा
आज मोजलं. सगळ्यात वाईट खड्ड्यात जाऊनसुद्धा ५५ मिमी! १०० चा फोर्क निम्माच चालतोय?

जोतिबाचढ
खोल तो. पावसाळ्यानंतर कधी उघडलायस का?

मसाईवारा
दोन वर्षांत कधीच नाही. उद्या उघडतो.

मसाईवारा
उघडला. स्प्रिंगवर गंज, ग्रीसचा साबण झालाय आणि सीलच्या आत तांबडा चिखल, कुंकवासारखा. एक पाय हातानं दाबला तर करकरत होता. फोम रिंग काळी ठिक्कर. सगळं पुसलं, नवीन ग्रीस भरलं. स्टेम ५० चा मिळाला, हँडलबार मित्राचा लावलाय. हवा ३०-३३.

रविवारी गेलो. झिप टाय ८५ वर. ज्या खड्ड्यात दोनदा पडलो तिथं सीट खाली घेऊन गेलो, चाक आत बसलं आणि बाहेरही आलं. मी सायकलवरच! जोतिबाचढ दादा, शाहूपुरी, मनापासून आभार. पंक्चर एक झालं, मागचं, बाभळीचं. गिअर आठवा बरोबर होता.

हेड ट्यूब आतून ३४ भरली, म्हणजे स्टीअरर सरळच. १२० चा, सरळ स्टीअररचा, ९ मिमी क्विक रिलीजचा एअर फोर्क कोणाकडं पडून आहे का? आणि सीटपोस्ट २७.२ चा आहे, त्यात ड्रॉपर (बटण दाबून सीट खाली करणारा पोस्ट) बसतो का? प्रत्येक उताराला थांबून सीट खाली करायची म्हणजे मागची पोरं पुढं निघून जातात.

शाहूपुरी सायकल
२७.२ मध्ये मिळतात, पण कमी. केबल बाहेरून जाणारा बघ, तुझ्या फ्रेमला आतून भोक नसणार. फोर्कचं शनिवारी विचारून सांगतो.