‘शिफ्ट लेफ्ट’ला मराठीत काय म्हणाल?

तळटीप:
आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत नव्याने येणाऱ्यांसाठी मराठीत एक छोटी पुस्तिका करायचं ठरलंय. मीटिंग इंग्रजीत होते, पण समजावून सांगायची वेळ आली की सगळे मराठीवर येतात, मग पुस्तिका तरी इंग्रजीत कशाला? एका प्रकरणाचं नाव आहे ‘शिफ्ट लेफ्ट टेस्टिंग’. कामाचे टप्पे फळ्यावर डावीकडून उजवीकडे काढतात. डाव्या टोकाला ग्राहकाची गरज, मग रचना, मग कोड, आणि पार उजवीकडे टेस्टिंग (केलेलं नीट चालतंय का ते तपासणं) नि रिलीज. ते टेस्टिंग शेवटाला लोंबकळत न ठेवता डावीकडे आणायचं, म्हणून हे नाव. २००१ साली लॅरी स्मिथ यांनी एका लेखात ते वापरलं आणि पुढे रुळलं. मला सुचलेले पर्याय: वामसरण चाचणी, प्रारंभिक चाचणी, लवकर चाचणी. सुचवा.

गवतीचहा:
‘वामसरण’ म्हणजे स्मशानात बसून करायची साधना वाटते! ‘डावीकडे सरकवणे’ही नको. कानाला ‘डावलणे’ ऐकू येतं, आणि टेस्टिंगवाले आधीच पुरेसे डावलले गेलेले असतात.

‘प्रारंभिक’ची अडचण वेगळी. त्यात ‘ही नुसती सुरुवातीची, खरी पुढे आहे’ असं गृहीत असतं. आणि ‘लवकर चाचणी करा’ हे वाक्य मॅनेजरच्या हाती पडलं तर तो ‘लवकर आटपा’ असंच वाचणार. मराठीतल्या ‘लवकर’मध्ये वेळेआधी आणि घाईने हे दोन्ही अर्थ नांदतात. इथे नेमका नको असलेला अर्थ वर येईल.

माझं मत ‘पहिल्यापासून चाचणी’. त्यात सुरुवातही आली आणि सातत्यही.

कडीकोयंडा:
नामाच्या मागे कशाला लागलाय, क्रियापद बघा. आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी ग्रुपवर मेसेज पडतो, ‘टेस्टिंगला टाकलंय’. गाडी सर्व्हिसिंगला टाकली, कपडे इस्त्रीला टाकले, तसंच. ‘-ला टाकणे’ म्हणजे काम दुसऱ्याच्या गळ्यात पडलं आणि आपण मोकळे. हे क्रियापद तोंडात असेपर्यंत प्रकरणाचं नाव काहीही ठेवा, टेस्टिंग उजवीकडेच राहणार.

याच्या उलट ‘करून बघणे’. भाजी करून बघ, फोन लावून बघ, घालून बघ. करणारा आणि बघणारा एकच. ‘लॉगिनचा बदल केला आणि चालवून बघितला’ असं डेव्हलपर सहज बोलायला लागला, तर समजा काहीतरी हललंय.

तळटीप:
हे घेतो. मग ‘युनिट टेस्ट’ला, म्हणजे कोडचा एकेक छोटा तुकडा सुटा तपासण्याला, ‘घटक चाचणी’ ठेवू ना? तो शब्द सगळ्यांना शाळेपासून माहीत आहे.

कडीकोयंडा:
माहीत आहे, म्हणूनच जपून. शाळेतल्या घटक चाचणीचा पेपर बाई काढतात आणि मुलं देतात. इथे कोड लिहिणाऱ्यानेच आपला पेपर काढायचा असतो, पुष्कळदा उत्तर लिहिण्याआधी. शब्द ठेवा, पण खाली हे एक वाक्य टाका.

हिशेबनीस:
‘उशिरा सापडलेला बग (सॉफ्टवेअरमधली चूक) शंभरपट महाग’ हे वाक्य पुस्तिकेत असेल तर दुरुस्त करा. सॉफ्टवेअरच्या खर्चाचे अभ्यासक बॅरी बोहेम यांनी १९८१ मध्ये खर्चाचा तो चढता आलेख प्रसिद्ध केला, पण छोट्या कामांत चढ बराच कमी असतो हे त्यांनीच सांगितलंय. २००१ मध्ये व्हिक्टर बॅसिली यांच्यासोबत लिहिताना त्यांनी लहान, कमी जोखमीच्या प्रणालींसाठी साधारण पाचपट हा आकडा दिला. पाचपटही काही थोडं नाही.

आणि डावीकडे म्हणजे किती डावीकडे, तेही दाखवा. समजा एसटीच्या तिकिटाचं सॉफ्टवेअर करायचंय. गरज लिहून आली: ‘६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, ७५ वरच्यांना मोफत.’ कोडची एक ओळही लिहिलेली नाही, तेवढ्यात टेस्टर विचारते, ‘काल ७५ पूर्ण झालेल्या आजोबांचं काय? तारीख आरक्षणाच्या दिवसाची धरायची की प्रवासाच्या? आणि घरचे ज्याला “पंचाहत्तरावं लागलं” म्हणतात, त्या आजींचं वय ७४ ना?’ चाचणी इथेच झाली. हेच प्रश्न कोड झाल्यावर निघाले असते तर ती बग म्हणून नोंदवत बसली असती.

गवतीचहा:
बग बरा. ‘डिफेक्ट’ला ‘दोष’ मात्र लिहू नका. ‘दोष सापडला’ म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच, ‘कोणाचा?’ मराठीत दोष असतो तसा दिलाही जातो, आणि चुका काढणाऱ्या माणसाला आपण फारसं प्रेमाने वागवत नाही. वरच्या उदाहरणातल्या टेस्टरला ‘आली खुसपटं काढायला’ हे एकदा ऐकावं लागलं, की पुढच्या बैठकीत ती गप्प बसेल. टोयोटाच्या कारखान्यात खोट दिसली की साधा कामगारही दोरी ओढतो, त्याचा गटप्रमुख धावत येतो आणि वेळेत निस्तरलं नाही तर लाइन थांबते. दोरी कुठेही बांधता येईल. ती ओढणाऱ्याकडे कोणी डोळे वटारत नाही, हे जमवायला वर्षं जातात.

तळटीप:
मग त्या प्रकरणाच्या दुसऱ्या भागाला ‘चाचणीपूरक संघटनात्मक संस्कृती’ म्हणू का? इंग्रजीत कल्चर आहे.

कडीकोयंडा:
संस्कृती सिंधू खोऱ्यात असते. कंपनीत ‘वळण’ म्हणा. ‘शिस्त’ही नको, शिस्तीला वर कोणीतरी उभं लागतं.

वळण कसं लागतं याचं गूगलचं उदाहरण घाला. २००५ च्या सुमाराला त्यांच्या वेब सर्व्हरची दशा अशी होती, की एका टप्प्यावर प्रत्यक्ष वापरात सोडलेल्या ८० टक्क्यांहून जास्त आवृत्त्यांत वापरणाऱ्याला जाणवतील असे बग निघत आणि त्या मागे घ्याव्या लागत. त्या गटाच्या तांत्रिक प्रमुखाने नियम केला, नवा कोड आला की त्याच्या स्वयंचलित चाचण्या सोबत हव्यात. वर्षभरात तातडीच्या दुरुस्त्या निम्म्यावर आल्या. २००६ पासून काही उत्साही मंडळी संडासाच्या दारांच्या आतल्या बाजूने टेस्टिंगवरचं एक पानी पत्रक चिकटवायला लागली. वाचकाला पळून जाता येत नाही अशी ही एकमेव जागा. मला मात्र सगळ्यात चलाखी वाटते ती नव्या भरतीबाबतची. पहिल्या दिवसांतल्या प्रशिक्षणात त्यांना चाचण्यांबद्दल अशा थाटात सांगायचे, की जणू कंपनीत हे पूर्वापार चालत आलंय. ही मुलं आपापल्या गटात जाऊन जुन्यांना विचारायची, ‘याच्या टेस्ट कुठे आहेत?’ एक-दोन वर्षांत जुन्यांपेक्षा अशांचीच संख्या जास्त झाली.

तळटीप:
मग सुरुवातीचं वाक्य असं करतो: ‘कोड लिहिणाऱ्याने आपलं काम आधी स्वतः करून बघावं आणि मगच पुढे द्यावं.’

गवतीचहा:
‘बघावं’ म्हणजे जमलं तर बघा. ‘स्वच्छता राखावी’च्या पाटीखालीच कचरा असतो. आणि ‘बघितलंच पाहिजे’ लिहिलंत तर ते परिपत्रक होईल. साधा वर्तमानकाळ घ्या. ‘आपल्याकडे कोड लिहिणारे आधी स्वतः करून बघतात आणि मग पुढे देतात.’ घरात वळण लावताना हेच वापरतात, ‘आपल्याकडे असं करत नाहीत.’

हिशेबनीस:
पण आत्ता तुमच्याकडे तसं करतात का?

गवतीचहा:
गूगलमध्ये तरी तेव्हा कुठे सगळे करत होते!

तळटीप:
वर्तमानकाळ केला. ‘दोष’ होता तिथे सगळीकडे ‘बग’ टाकलंय. ‘रिग्रेशन’साठी, म्हणजे नव्या बदलामुळे आधी चालणारं बिघडतं त्यासाठी, वेगळा धागा काढतो, ‘प्रतिगमन’ अजिबात घशाखाली उतरत नाहीये.