शाळा-दवाखान्यात वीज वाचवायचं काम निघालं तर गावात रोजगार भेटते का?

कापूसवाला (दारव्हा):
राम राम मंडळी. पुतण्यानं आयटीआय इलेक्ट्रिशियन केलं, आता घरीच हाये. आमच्या गावात चर्चा चालू हाये का शाळेत अन दवाखान्यात जुने पंखे काढून बीएलडीसी (कमी वीज खाणारे, सर्किटवर चालणारे पंखे) लावायचे, स्लॅब तापू नये म्हणून त्यावर पांढरा रंग मारायचा. पैसा तर लागनच, पण त्यातून आपल्या पोट्ट्यायले काम किती भेटन? का सगळं बाहेरचा ठेकेदारच घेऊन जाईन?

वायरमन_पुसद:
भाऊ, निसते पंखे बदलवाचे असन तर दोन पोरं आठवड्यात पुरी शाळा करतात, मंग काम खतम. उलट वाइंडिंगवाल्या दुकानाचं गिऱ्हाईक कमी होते, कारण बीएलडीसीत जास्त करून सर्किट जाते अन ते दुरुस्त करणारा तालुक्यात सापडत नाई. पुतण्याले सर्किट रिपेअर शिकवा, आपल्याकडं व्होल्टेज कसं वरखाली होते माहीतच हाये, ते काम येतच राहीन.

अकोलेकर:
आयईएचा (आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा) 2020 चा अंदाज आहे, इमारतींच्या ऊर्जा बचतीत 10 लाख डॉलर घातले की 9 ते 30 रोजगार, तेही जास्त करून बांधकाम अन कारखान्यात. जगाचा आकडा आहे, गावाले जसाच्या तसा लावू नका. पण बांधकामाचं काम जिथं इमारत तिथंच करावं लागते हे खरं. बाकी साधा पंखा 75 वॉट, बीएलडीसी 28-30, म्हणजे 20 पंखे 6 तास चालले तर रोज साडेपाच युनिट वाचतात, तो पैसा गावात खर्च झाला तर तोही रोजगारच.

वणीकर:
अन आमच्याकडं कोळशावर घरं चालतात त्याचं काय? चंद्रपूरचं कोळशावरचं वीज केंद्र 2920 मेगावॉटचं हाये, विजेची मागणी घटली तर पयला फटका खाणीतल्या ठेक्याच्या मजुराले. काम दारव्ह्यात निघन अन जाईन वणीतून, हे कोणीच बोलत नाई.

बचतगट_ताई:
वणीकर दादा, बरोबर बोललात, त्या मजुरांनाही हे काम शिकवायला पाहिजे. कापूसवाला भाऊ, छताचं काम गटाच्या बायांना द्या. चुन्याचा थर पावसात धुवून जातो, दरवर्षी एप्रिलच्या आधी मारावाच लागतो, अन शाळेचं झालं की टिनाच्या घरवाले पण मागतील. वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यात कवठा झोपडी गावच्या बाया सोलर पॅनल बनवतात, मग रंग मारणं काय अवघड आहे?

कापूसवाला:
ताई, ग्रामसभेत छताचा विषय वेगळा ठेवतो. सर्किटचा कोर्स यवतमाळात कुठं होते?

वायरमन_पुसद:
आधी आरसेटीत (गावच्या पोरायले स्वयंरोजगार शिकवणारी बँकेची संस्था) विचारा, तिथं फी नाई लागत.