अनुभव धागा : बेळगावात बसून आफ्रिकेचं ताट

परवा रविवारी कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्यात नवीन निघालेल्या हॉटेलात दुपारचा बुफे जेवून आलो. भारतीय आणि आफ्रिकी मिसळून केलेलं जेवण, माणशी साडेचारशे. मालकांच्या आजोबांचं युगांडात, कंपालात दुकान होतं. १९७२ साली तिथला हुकूमशहा इदी अमीननं आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला, तेव्हा ते बिऱ्हाड उठलं.

बरोबर आई होती. पहिल्याच भांड्यात उगाली. पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड, मीठसुद्धा नाही. आईनं चमच्यानं टोचून बघितली. "हे आजाऱ्याला देतात की काय रे?" वाढणारा म्हणाला, हातानं खावा. लिंबाएवढा गोळा मोडायचा, बोटांत वळायचा, अंगठ्यानं मधे खळगा करायचा आणि त्यात भाजी उचलायची. भाजी 'सुकुमा विकी'. स्वाहिलीत त्याचा अर्थ आठवडा ढकलणे. पगार होईस्तोवर ह्या पाल्यावर भागवायचं. इथं त्यांनी नवलकोलाचा पाला वापरलेला. आपण तो गड्ड्यावरनं मोडून गाईपुढं टाकतो. आईनं तीनदा घेतली!

शेंगदाण्याच्या रस्स्यातली कोंबडी चांगली, खरं गोडसर. जोलोफ म्हणजे टोमॅटो भाताचा थोरला भाऊ. शेवटी आपला बेळगावचा कुंदा ठेवलेला. त्यात आफ्रिका कुठं, ते विचारलो नाही.

तुम्ही कुणी असलं काही जेवला असाल, इथं, गोव्यात, परदेशात, तर लिहा. नावडलं असेल तर तेही लिहा.

निपाणीहून

सहा वर्षं नैरोबीत होतो (निपाणीचा असलो तरी तंबाखूत नाही, पंपांच्या कंपनीत). तिथं ह्याला कुणी फ्यूजन म्हणत नाही, मिसळलेलं केव्हाच पचून गेलंय. मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे टाकायला १८९६ ते १९०१ मध्ये हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर नेले, त्यांच्यामागून दुकानदार गेले. आज तिथला माणूस 'चपाती' घरचीच म्हणून खातो. ती आपल्यासारखी नसते बरं का. मैद्याची, पदर सुटलेली, तेलात भाजलेली, परोट्याच्या जवळची.

बुफेत मारू भजिया दिसली तर आधी ती घ्या. बटाट्याच्या पातळ चकत्यांना बेसन-कोथिंबीर चोळून तळतात. मोगो म्हणजे कसावा, तळून वर तिखट आणि लिंबू. तो गरमच खायचा. गार झाला की दोरखंड होतो, भांड्यात पडून असेल तर हात लावू नका.

खानापूरहून

मी त्याच हॉटेलात गेलेलो. भिंतीवर लाकडी मुखवटे, कोपऱ्यात ढोल. वाढायला कुरळ्या केसांचा एक पोरगा. शेजारच्या टेबलावरची मंडळी त्याच्याशी इंग्रजीतच सुरू झाली : देश कुठला, इथं कधी आलास. पोरगा भात वाढता वाढता म्हणाला, "खानापूर तालुका. मराठीत बोला की."

टेबल गप्प.

तो सिद्दी. आमच्या तालुक्यात, तिकडं हल्याळ-यल्लापूरच्या रानात सिद्दी कैक पिढ्या राहतात. पूर्वज आफ्रिकेतून आणलेले, बरेचसे पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून. कारवार जिल्ह्यातल्या सिद्दींना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, आमच्या आणि धारवाडच्या सिद्दींसाठी २०२० सालचा कायदा यावा लागला. मागनं मी त्या पोराला विचारलो, ह्यातलं तुमच्या घरात काय करतात? "काय नाही. भात, आमटी, नाचणीची आंबील. उगाली इथं आल्यावरच पहिल्यांदा बघितलो."

सिद्दी बायका जुन्या कापडाच्या तुकड्यांची कवंदी, म्हणजे गोधडी, शिवतात. मुखवटे काढून तिथं एक कवंदी टांगली तर भिंतीला शोभा येईल. मालकांना सांगून आलोय.

संकेश्वरहून

जोंधळ्याची भाकरी तिथं भारतीय बाजूला ठेवतात असं ऐकलं. आमच्या शेतातलंच पीक म्हणून सांगतो, जोंधळा मूळचा आफ्रिकेचा, सुदानच्या बाजूचा. नाचणी इथिओपिया-युगांडाच्या डोंगरातली. बाजरी, चवळी तिकडचीच. हजारो वर्षांमागं आली आणि आपली झाली. मका मात्र अमेरिकेचा. आफ्रिकेला तो पोचला पोर्तुगीजांच्या काळात, आपल्याकडं मिरची आली तशीच. त्या बुफेतल्या पाट्या अदलाबदल करायला पाहिजेत!

मुलगा दिल्लीला शिकतो, त्यानं इथिओपियाच्या जेवणाला नेलं. इंजेरा म्हणजे आपली आंबोळीच, चांगली दोन-तीन दिवस आंबवलेली, वर जाळी. टेफ नावाच्या धान्याची, दाणा खसखशीएवढा. परातीएवढी इंजेरा खाली अंथरतात, तिच्यावरच कालवणं वाढतात आणि कडेनं तोडत आत जायचं. यादीत 'शिरो' दिसला. जेवणानंतर गोड म्हणून मी तो राखून ठेवला. आलं पिठलं. लाल, बर्बरे मसाल्याचं, उकळत. मुलगा हसून हसून पडला. बर्बरेत मिरचीबरोबर मेथी, आलं, लसूण असतं, रंग झकास. खरं आमच्या मिरचीचा ठसका नाही, हे गावाचा अभिमान म्हणून नाही सांगत. (थोडासा म्हणूनच.)

शहापूर, बेळगावहून

माझी तक्रार. गाव आणि हॉटेल सांगत नाही. बुफेत एगुसीची पालेभाजी होती, कलिंगडाच्या जातीच्या बिया वाटून केलेली. पाटीवर 'व्हेज'. सासूबाई माळकरी, म्हणून मी दोनदा विचारलं, यात मटण-चिकन नाही ना? नाही म्हणाला. त्यांनी पोटभर खाल्ली. मग माझ्या घासात ओळखीचा वास आला. सुकटाची पूड! पश्चिम आफ्रिकेत ती आपल्या हिंगासारखी कशातही पडते. तो खोटं बोलला नव्हता, मीच मासळी विचारली नाही. पण पाटीचं काय?

सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. परवा म्हणाल्या, "ती बियांची भाजी छान होती गं. शिकून घे की."

उचगावहून

आमी भाजीचा टेम्पो घेऊन चोर्ल्यातनं गोव्याला जातो, आठवड्यातनं चारदा. म्हापशात काफ्रियाल खातो. कोंबडीला कोथिंबीर-मिरचीचं हिरवंगार वाटण. हॉटेलवाला सांगतो मोझांबिकातनं आलंय. असंल की, पोर्तुगीज दोन्हीकडं होते. बुफे नको गा. पाव दोन जास्त घ्या आनि ताट पुसून खावा.

पुन्हा मी, धागा काढणारा

शहापूरच्या वहिनी, ह्या हॉटेलात मी विचारलो, सुकट कशातच नाही. इंजेरा मात्र इथली खरी नव्हे, रवा आणि सोडा. तेवढ्यासाठी जाऊ नका.

आज आई बाजारातनं नवलकोल घेऊन आली. गड्डे शेजारी देऊन टाकले, पाला ठेवून घेतला.