केसपेपरवर "बीएसए ६%" लिहिलंय, घरी मोजलं तर १२ येतंय. सोरायसिसवाल्यांनी प्लीज सांगा

मेघा_लालबाग:
बाबांना (वय ५८) सोरायसिस आहे, कोपर, गुडघे, कमरेवर चट्टे आणि डोक्यात जाड खवले. परवा पालिकेच्या हॉस्पिटलात स्किन ओपीडीला नेलं, डॉक्टरांनी नीट तपासलं पण मागे एवढी लाईन होती की काही विचारायला सुचलंच नाही. केसपेपरवर "बीएसए ६%" लिहिलंय. नेटवर वाचलं की बीएसए म्हणजे अंगावरच्या एकूण कातडीपैकी किती टक्के भागावर चट्टे आहेत ते, आणि तळहात म्हणजे १ टक्का, म्हणून घरी आल्यावर मी माझा तळवा चट्ट्यांवर ठेवत ठेवत मोजलं तर ११-१२ भरतंय. मग डॉक्टरांचं चुकलं की माझं? आणि मलमाची ३० ग्रॅमची ट्यूब बाबांना महिनाभर पुरते, हे बरोबर आहे का? लोकलमध्ये शेजारचा माणूस उठून गेला की ते दिवसभर गप्प असतात, बघवत नाही हो.

परळचा_संजू:
मेघाताई, मला १४ वर्षं सोरायसिस आहे म्हणून सांगतो. तू बोटं धरली नाहीस वाटतं. १ टक्का म्हणजे नुसता तळवा नाही, बोटं जोडून ठेवलेला अख्खा पंजा, नुसता तळवा त्याच्या साधारण निम्माच भरतो. आणि पंजा पेशंटचा स्वतःचा हवा, तुझा हात बाबांच्यापेक्षा लहान असणार. म्हणून तुझा आकडा दुप्पट आलाय. बाबांनाच हात ठेवायला सांग, पाठीवर पोचत नसेल तर त्यांचा पंजा कागदावर आखून काप आणि तो ठेव.

काकू_गिरगाव:
आमच्या ह्यांना भाजलं होतं तेव्हा डॉक्टर एक हात ९, एक पाय १८ असं धरत होते, तसं इथे चालत नाही का?

डॉ_स्किनवाला:
काकू, तो नवाचा नियम, भाजल्यावर पटकन अंदाज घ्यायला. सोरायसिसचे चट्टे विखुरलेले असतात म्हणून पंजाच सोयीचा.
मेघा, ढोबळमानाने ३ टक्क्यांच्या आत सौम्य, ३ ते १० मध्यम आणि १० च्या वर तीव्र धरतात. पण नुसत्या टक्क्यावर जाऊ नका. डोकं, तळहात, तळपाय, नखं, जांघेतला भाग इथे १-२ टक्के असले तरी माणूस बेजार होतो, तेव्हा फक्त मलमावर न थांबता यूव्हीबी लाईट (अतिनील किरणांचा शेक) किंवा गोळ्यांचा विचार करतात. आणि बाबा लोकलमधून येऊन गप्प बसतात ना, ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्रास किती आहे तेही उपचार ठरवताना धरतात. हा संसर्गजन्य नाही, हात लावून होत नाही, घरच्यांनाही सांगा.
मलमाचं माप बोटाच्या पेरावर. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर टोकापर्यंत ट्यूबमधून रेघ ओढली की साधारण अर्धा ग्रॅम, आणि ती २ पंज्यांएवढ्या जागेला पुरते. अंगावर ५ टक्के असेल तर एका वेळेला अडीच रेघा, दिवसातून दोनदा लावलं तर रोज अडीच ग्रॅम, म्हणजे ३० ग्रॅमची ट्यूब १२ दिवसांत संपायला हवी. बाबा फार कमी लावतायत. मात्र स्टेरॉईडचं मलम असेल तर किती दिवस लावायचं ते डॉक्टरच ठरवणार, क्लोबेटासोलसारखं कडक मलम सलग २ आठवड्यांच्या वर स्वतःच्या मनाने नाही. आणि कुणीही सांगो, मेडिकलमधून स्टेरॉईडच्या गोळ्या आणून खाऊ नका, बंद केल्यावर सोरायसिस जोरात उसळू शकतो.

परळचा_संजू:
गोळ्यांवरून आठवलं, पुढे मेथोट्रेक्सेट लिहून दिली तर ती आठवड्यातून एकदाच असते, रोज नाही!! मी कॅलेंडरवर वाराला गोल करून ठेवायचो. रोज घेतली गेली तर जीवावर बेतू शकतं.

मेघा_लालबाग:
सगळ्यांचे खूप आभार. आत्ता बाबांचा पंजा वर्तमानपत्रावर आखून मोजलं, अंगावर ५ आणि डोक्यात एक, म्हणजे डॉक्टरांचे ६ बरोबर. बाबांनी मलमाची रेघ स्वतः ओढून बघितली आणि म्हणाले एवढं लावायचं असतं होय, मी तर शेंगदाण्याएवढं घेत होतो. गुरुवारी परत ओपीडी आहे, डोक्याचं आणि लोकलचं दोन्ही कागदावर लिहून नेतेय.