मदत हवी आहे: राजम्याच्या क्रॉसची रोपं खुरटतायत, व्हायरस आहे का दुसरं काही?

रब्बीवाला:
नमस्कार मंडळी. एमएस्सी प्लांट ब्रीडिंगला आहे, घरी कोरेगाव तालुक्यात वाघ्या घेवडा, म्हणजे राजमाच, असतो त्यामुळे थिसिसला राजमा सोडून दुसरं काही डोक्यात आलंच नाही. काम असं की मोठ्या लाल दाण्याच्या वाणात मोझॅक या व्हायरसच्या रोगाविरुद्धची प्रतिकारशक्ती आणायची. लाल वाणाचे शंभर दाणे साधारण ४५ ग्रॅम भरतात, आणि जिच्यात ती देणारा आय जीन आहे ती लाइन काळ्या बारीक दाण्याची, शंभर दाणे २० ग्रॅमच्या आसपास. लाल मादी, काळा नर. उलटा क्रॉसही केला. कळी उमलायच्या आधी उघडून चिमट्याने पुंकेसर काढायचे, मग परागकण लावायचे, त्यात निम्म्या कळ्या गळूनच पडतात, ज्यांनी केलंय त्यांना माहितीये.

तर कसंबसं एफ-वन, म्हणजे क्रॉसच्या पहिल्या पिढीचं, बी मिळालं, उगवण छान झाली आणि पहिलं तीन पानांचं पान आल्यावर रोपं थांबलीच. पानं बारकी, आक्रसलेली, मुळं तपकिरी, आणि विचित्र म्हणजे मातीच्या वर दांड्याला नवीन मुळं फुटतायत. शेजारच्याच कुंड्यांत, त्याच मातीत दोन्ही पालक मस्त. एफ-वनमधली दोन रोपं मात्र जोरात आहेत, तीच पुढे न्यावीत म्हणतोय. मोझॅक असेल का? सध्या शेडनेटमध्ये बऱ्यापैकी गरम होतंय तेही सांगून ठेवतो.

मातीतला_माणूस:
मुळं तपकिरी म्हणजे मूळकूज रे. ट्रायकोडर्माची आळवणी कर, पाणी कमी कर.

रब्बीवाला:
दादा ते करून झालं, फरक शून्य. आणि मूळकूज फक्त क्रॉसच्याच रोपांना निवडून कशी होईल?

थंडीतली_मावशी:
बरोबर प्रश्न विचारलास. मी मिशिगनमध्ये बीन ब्रीडिंगमध्ये काम करते, इकडे काळा बीन आणि नेव्ही बीन भरपूर पिकतो, हा प्रकार ओळखीचा आहे. व्हायरस वाटत नाही. मोझॅकमध्ये पानावर हिरवे-फिकट चट्टे दिसतात, पान खाली वळतं, दांड्याला मुळं फुटत नाहीत.

राजमा माणसाने दोन वेगवेगळ्या ठिकाणी माणसाळवला, एकदा मेक्सिकोकडे आणि एकदा अँडीज पर्वतात, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून दोन्हीकडच्या रानटी वेली एकमेकींपासून तुटलेल्या होत्या. मेक्सिकोकडचा दाणा बहुतेक बारीक ते मध्यम, अँडीजचा मोठा. तुझे दोन पालक या दोन घराण्यांतले दिसतायत. बारीकवाल्यांमध्ये बऱ्याचदा डीएल-१ नावाचा जीन असतो आणि मोठ्या दाण्यावाल्यांमध्ये डीएल-२. आपापल्या घरी दोघेही निरुपद्रवी, पण एका रोपात एकत्र आले की मुळं मरायला लागतात. डीएल-१ मुळांमध्ये काम करतो, डीएल-२ शेंड्यात, हे कलमं करून तपासलेलं आहे. उष्णतेत त्रास वाढतो, म्हणजे तुझं शेडनेट आगीत तेल ओततंय. उलट्या क्रॉसलाही तेच झालं ना? मग दोष मादीकडून आलेला नाही, हे जीनचंच काम.

आता वाईट बातमी. ती जोरात असलेली दोन रोपं सोडून दे, ती बहुतेक सेल्फ आहेत, म्हणजे मादीच्या स्वतःच्याच परागकणांपासून झालेली. राजम्यात कळी उमलेपर्यंत स्वपरागण उरकलेलं असतं, एखादा पुंकेसर आधीच फुटला की संपलं. बियांचा रंग बघून हे कळत नाही कारण दाण्याची साल आईचीच असते. बियापानांच्या खालचा दांडा बघ. काळ्या दाण्यावाल्यांचा दांडा जांभळट असतो आणि तो रंग प्रबळ आहे. लाल मादीचा हिरवा असेल तर खऱ्या क्रॉसचा जांभळट यायला हवा. खुरटलेलीच तुझी खरी एफ-वन आहेत, फेकून दिली नाहीस हे बरं केलंस.

शेंगदाणा_लाडू:
भारीच. म्हणजे आजारी दिसतंय ते पास आणि तरारलेलं नापास. मग आता पुढे काय करायचं त्याने? वाण बदलायचा?

थंडीतली_मावशी:
बदलायची गरज नाही. कुंड्या थंडाव्यात हलव, महाबळेश्वर-पाचगणीकडे ओळखीचं कुणी असेल तर उत्तमच, एफ-वन फुलण्यापुरती तगली तरी काम भागतं. नुसतं एफ-टू, म्हणजे एफ-वनच्या स्वपरागणाची पुढची पिढी, केलंस तर दोन्ही डीएल एकत्र नसलेली, म्हणजे ठणठणीत, रोपं १६ पैकी ७. जवळपास ५ मरतात आणि ४ आत्तासारखी कुथत राहतात. मला विचारशील तर एफ-वनला नर कर आणि परत लाल वाणावर टाक. अशक्त रोपावर शेंगा धरत नाहीत पण परागकण पुरतात. त्या संततीत निम्म्यांना डीएल-१ मिळतच नाही, ती नीट वाढतात, आणि तुला दाणा मोठाच हवाय ना, मग बॅकक्रॉस तसाही करायचाच होता. जगलेल्यांतून एसडब्ल्यू-१३ हा डीएनए मार्कर लावून आय जीनवाली वेगळी काढ.

हेही नको असेल तर दोन्ही डीएल नसलेली तिसरी लाइन मध्ये घालून तीन-पालकी क्रॉस करता येतो, किंवा एफ-वनचा शेंडा लाल वाणाच्या रोपावर कलम करता येतो कारण त्या मुळात डीएल-१ नाही. पण कलमाची कटकट एमएस्सीच्या वेळापत्रकात बसते का ते तूच बघ. घराण्यांची खात्री करायला पालकांच्या दाण्यातलं फॅसिओलिन प्रोटीन जेलवर चालवून घे, मेक्सिकोकडचे बहुतेक एस टाइप आणि अँडीजवाले बहुतेक टी, गाईडना दाखवायला एक आकृती पण होते.

रब्बीवाला:
ताई, आत्ताच बघून आलो. जोरातली दोन्ही हिरव्या दांड्याची, खुरटलेली सगळी जांभळट!! गाईड सरांना आजच सांगतो. एक शंका, नुसत्या आय जीनवर भागेल का?

थंडीतली_मावशी:
आधी तुमच्याकडे कुठला व्हायरस आहे ते तपासून घे. मोझॅकचा एक भाऊबंद आहे, नेक्रोसिसवाला, तो आय जीन असलेल्या झाडाला शेंड्यापासून काळं पाडून मारतो. तो असेल तर सोबत बीसी-३ नावाचा दुसरा प्रतिकारक जीन लागेल. तो रिसेसिव्ह आहे, दोन्ही पालकांकडून आला तरच काम करतो, म्हणजे अजून एक पिढी धर. आणि कुंड्या हलवताना हे व्हायरस पसरवणारा मावा बरोबर नेऊ नकोस, जाळी लाव.