नर्मदा परिक्रमा आत्ता करू की रिटायर झाल्यावर? पाच महिने बिनपगारी रजेचा प्रश्न आहे

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. मी सांगलीची, वय ४२, एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे. पायी नर्मदा परिक्रमा करायची फार वर्षांपासून मनात आहे. चातुर्मास संपला की कार्तिकात ओंकारेश्वरहून उचलायची आणि पावसाळ्याच्या आत पुरी करायची म्हटलं तरी साडेचार-पाच महिने लागणारच. पगार ४६ हजार आहे, म्हणजे पाच महिन्यांचे २ लाख ३० हजार गेले. घराचा हप्ता १८,५०० आहे, तो आणि घरखर्च मिस्टरांच्या पगारात कसाबसा भागेल पण शिल्लक काहीच पडणार नाही. मुलगा नववीत आहे, पुढच्या वर्षी दहावी, मग अकरावी-बारावी, मग त्याचं कॉलेज, म्हणजे यंदा नाही तर एकदम रिटायर झाल्यावर, ५८ नंतरच.

आता खरी गोष्ट सांगते. माझ्या बाबांना परिक्रमा करायची होती. आयुष्यभर "रिटायर झालो की जाणार" म्हणत राहिले, पैसा मात्र शिस्तीत साठवला. रिटायर झाले आणि दोन वर्षांत गुडघे गेले. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आणि त्याच साठवलेल्या पैशातून झाली, आम्हाला कुणापुढं हात पसरायला लागला नाही. म्हणून साठवणं चुकीचं होतं असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? पण चालायचं राहिलं ते राहिलंच. आज ७१ वर्षांचे आहेत, रात्री नकाशा घेऊन बसतात आणि बोट फिरवत गावांची नावं वाचतात. ते बघितलं की मला झोप लागत नाही. काय करावं सुचंना झालंय. मनापासून सांगा.

हिशेबी_मास्तर

ताई, भावना समजली, पण आधी आकडे बघा. पीपीएफचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे. त्या दरानं १६ वर्षांत पैसे जवळपास तिप्पट होतात. म्हणजे आजचे २ लाख ३० हजार तुमच्या ५८व्या वर्षी ६ लाख ९० हजाराच्या आसपास असते. अर्थात तुम्ही अख्खा पगार काही साठवत नसणार, महिन्याला १५ हजार बाजूला पडत असतील तर खरं नुकसान ७५ हजारांचं, त्याचे तेव्हा सव्वादोन लाख. हे परवडण्यासारखं आहे की नाही ते तुम्ही ठरवा, मला तरी हा आकडा भीतीदायक वाटत नाही.

मला काळजी वेगळीच आहे. मेडिक्लेम कंपनीचा ग्रुपवाला आहे का? असेल तर बिनपगारी रजेत तो चालू राहतो का हे लेखी घ्या, तोंडी नको. रजा संपल्यावर त्याच जागेवर घेणार हेसुद्धा लेखी. आणि हप्त्याच्या खात्यात निदान सहा हप्ते आधीच टाकून ठेवा, कारण एकाच पगारावर घर असताना मिस्टरांचं काही मागंपुढं झालं तर तुम्ही तिकडं जंगलात आणि इकडं हप्ते थकलेले. ९० दिवसांच्या वर थकबाकी गेली की बँक कर्ज एनपीएत, म्हणजे थकीत कर्जांत टाकते, मग पुढं मुलाचं एज्युकेशन लोन काढताना नाकी नऊ येतात. एवढी तजवीज होत नसेल तर यंदा जाऊ नका, हे स्पष्ट सांगतो.

रेवातीरी

नर्मदे हर! मी ६१व्या वर्षी पायी केली, त्यामुळे ५८ नंतर होतच नाही हे मनातून काढा. माझ्यापेक्षा मोठी माणसं वाटेत भेटली. खर्चाचं म्हणाल तर चालताना फारसा नाहीच, सदावर्त म्हणजे फुकट शिधा-जेवण मिळतं, आश्रमात नाहीतर कुणाच्या पडवीत झोपायचं. मैया उजव्या हाताला ठेवायची आणि पात्र ओलांडायचं नाही. दक्षिण तटानं पश्चिमेकडं निघालात की बडवानीपुढं शूलपाणीची झाडी, धरणाच्या पाण्यात जुनी पायवाट बरीचशी गेली त्यामुळं आता बरेच जण आपल्या नंदुरबार जिल्ह्यातून, प्रकाशाकडून जातात. पुढं विमलेश्वरहून नावेनं मिठी तलाईला, तिथं समुद्र असल्यामुळं नाव चालते.

पण एक सांगतो. मी गेलो तेव्हा लेकीचं लग्न झालेलं, कर्ज फिटलेलं, पेन्शन चालू. रात्री पाठ टेकली की झोप. आमच्या बरोबर एक पस्तिशीतला मुलगा होता, नोकरी सोडून आलेला, तो दर मुक्कामी रेंज शोधत फिरायचा, घरी पैसे पोचले का म्हणून. पाय त्याचे माझ्याहून दणकट, पण महिनाभरात तो परत गेला. नुसते पाय धड असून भागत नाही, मागचं घर शांत पाहिजे. माझं मत, थांबा.

घाटमाथा

काका, तुमचे पाय ६१ ला धड राहिले हे नशीब, ताईंच्या बाबांचे नाही राहिले ना? गुडघ्यांचा त्रास घराण्यातच असेल तर १६ वर्षं थांबा असं मी तरी नाही सांगणार. आणि सगळं किंवा काहीच नाही असं का? खंड परिक्रमा करतात की लोक, दरवर्षी तीन आठवडे, जिथं सोडली तिथून पुढं उचलायची. नाहीतर चैत्रातली उत्तरवाहिनी परिक्रमा, म्हणजे मैया उत्तरेकडं वाहते तेवढ्याच भागाची, करून बघा, गुजरातेत तिलकवाड्याकडं, साधारण २१ किलोमीटर, एका दिवसात होते, आपल्याला किती झेपतं तेही कळेल. आणि बसनं पंधरा-वीस दिवसांत होते, बाबांनाच घेऊन का नाही जात? त्यांना विचारलंत का?

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार, खरंच. मास्तर, तुमचा मेसेज प्रिंट काढून मिस्टरांना दिला. मेडिक्लेमचं आज ऑफिसात विचारलं, रजेत बंद राहतो म्हणाले, बरं झालं विचारलं. आता घरच्यांचा स्वतंत्र काढतोय. सहा हप्त्यांचे १ लाख ११ हजार होतात, माझी एक एफडी मोडली की जमतात.

रेवातीरी काका, तुमचं म्हणणं दोन दिवस डोक्यात फिरत होतं. मागचं घर शांत पाहिजे हे शंभर टक्के पटलं, पण माझं घर ५८ ला शांत असेल याची मला खात्री वाटत नाही, तेव्हा सासूबाई ८५ च्या असतील.

बाबांना बसचं विचारलं. नको म्हणाले. "बसमधनं काय दिसणार, तू चाल. रोज संध्याकाळी फोन करून कुठं मुक्काम केलास ते सांग, मी इकडं नकाशावर खूण करतो." आणि लगेच पेन शोधायला उठले.

तर पहिला खंड ठरवलाय, दिवाळीनंतर ओंकारेश्वर ते प्रकाशा, रजा शिल्लक आहे त्यात बसेल, पगार जाणार नाही. पुढच्या खंडाचं आल्यावर बघू. काका, एवढंच सांगा, बडवानीच्या पुढं मोबाईलला रेंज कुठपर्यंत असते आणि कुठल्या कंपनीचं कार्ड घ्यावं? फोन लागला नाही तर बाबा रात्रभर जागे राहतील.