चंद्रपूरची दारूबंदी आणि दोन खांबांचा आलेख

शून्यरेषा:
कालपासून तीन ग्रुपांवर एकच चित्र फिरतंय. दोन खांब, डावा २०१४चा, उजवा २०१६चा. उजवा उंच. वर लाल अक्षरांत 'चंद्रपूरची दारूबंदी फसली' आणि खाली बारीक टायपात 'दारूविषयक गुन्हे'. अहो, १ एप्रिल २०१५ पासून, २०२१ला बंदी उठेपर्यंत, तिथे दारू विकणं हाच गुन्हा होता. मग गुन्हे वाढणार नाहीत तर काय होणार? हेल्मेटसक्ती केली की पावत्या वाढतात, त्यातलाच प्रकार.

बंदीने काय केलं हे बघायचं तर दर महिन्याचे आकडे हवेत. लिव्हरचे रुग्ण घ्या, अपघात घ्या. बंदीआधीची निदान चार वर्षं तरी हवीत. तेव्हाचा कल तसाच पुढे ओढा आणि प्रत्यक्षातली रेघ त्यापासून किती सुटली ते मोजा. एप्रिलला एकदम पायरी पडली की उतारच हळूहळू बदलला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेजारचा, बंदी नसलेला एक जिल्हाही तुलनेला जोडीला ठेवा. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी, वर्ध्यात त्याच्याही आधीपासून, म्हणून ते दोन्ही बाद. यवतमाळ चालेल. इंटरप्टेड टाइम सिरीज म्हणतात ती एवढीच. यात रॉकेट सायन्स काही नाही.

झाडीपट्टीचा:
यवतमाळ चालेल? साहेब, नकाशा उघडा. वरोऱ्याहून नदी ओलांडली की वणी. बंदीनंतर आमच्याकडचे लोक प्यायला कुठे जायचे? वणीलाच. माझा चुलतभाऊ असाच पिऊन मोटारसायकलवर परत येत होता, पुलाच्या अलीकडेच पडला. पोलिसांची नोंद यवतमाळ जिल्ह्यात. म्हणजे तुमच्या आलेखात चंद्रपूरचा अपघात कमी झाला आणि यवतमाळचा वाढला. बंदी दुप्पट यशस्वी! तुम्ही पायरी मोजा, आम्ही माणूस पोचवून आलो.

शनिवारपेठी:
हेल्मेट मुद्दाम घुसडलंत ना? ठीक आहे, आता ऐका. पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून सक्ती लादली. मंडईत एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात हे मडकं. मानेला स्पाँडिलायटिस. तीस वर्षांत एकदाच पडलोय, तेही खड्ड्यामुळे. आधी खड्ड्यांची टाइम सिरीज काढा.

शून्यरेषा:
@झाडीपट्टीचा, भावाबद्दल खरंच वाईट वाटलं. मुद्दा बिनतोड आहे, यवतमाळ मागे घेतो. अमरावती घेऊ.
@शनिवारपेठी, धागा दारूबंदीचा आहे.

ग्लासगोकर:
इथलं सांगतो. स्कॉटलंडने १ मे २०१८ पासून दारूच्या प्रत्येक युनिटला (म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोलला) किमान ५० पेन्स भाव बांधला, इंग्लंडने नाही. इंग्लंड शेजारी ठेवून २०२० अखेरपर्यंतचे आकडे तपासले, तर निव्वळ दारूने होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा १३.४ टक्के कमी निघाले. वर्षाला साधारण १५६ माणसं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलंय. पद्धत वाईट नाही, जिल्हा चुकला.

शनिवारपेठी:
आणि २०२३ मध्ये त्याच स्कॉटलंडमध्ये दारूने १,२७७ गेले, २००८ नंतरचा सगळ्यात मोठा आकडा. तरी १५६ वाचले म्हणे! 'नसतं केलं तर आणखी मेले असते' याच हिशोबाने आमच्या आजीचं दृष्ट काढणंही सिद्ध होतं.

ग्लासगोकर:
आजीकडे दृष्ट न काढलेलं शेजारचं पोर मोजायला नव्हतं. इथे इंग्लंड होतं. कोविडमध्ये लोक घरात बसून प्यायला लागले ते दोन्हीकडे.

निवृत्त लेखनिक:
विद्वानांनो, आकडे कोण लिहितं ते विचारलंत का? मी एका तालुक्यात आरोग्याच्या टेबलावर बावीस वर्षं काढली. जानेवारीपर्यंत रजिस्टर रिकामं. मार्च एंड आला की साहेब म्हणायचे, उद्दिष्ट भरा. तीन रात्रींत वर्ष भरायचं, एकाच पेनाने. एप्रिलला पुन्हा शांतता. आणि तुमची बंदी लागू कधी? १ एप्रिलला! बंदी नसती तरी पायरी पडलीच असती.

शून्यरेषा:
हे मात्र झकास. पण मार्चचा फुगवटा दर वर्षी येत असेल तर मॉडेलला तो कळतो. म्हणून तर आधीची चार वर्षं मागतोय. फक्त त्याच वर्षी आला असेल तर मी मेलो.

शनिवारपेठी:
हेल्मेटवर उत्तर आलंच नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै १९९० ला सायकलवाल्यांना हेल्मेट सक्तीचं केलं. डोक्याच्या जखमा घटल्या म्हणून टाळ्या वाजल्या. पण सायकल चालवणारेच घटले, पोरांनी तर सोडूनच दिली. ते नाही सांगत कोणी.

शून्यरेषा:
सांगतात, सगळेच सांगतात, त्यावर तीस वर्षं भांडतायत. जखमांना भागायचं कशाने, लोकसंख्येने की सायकल चालवणाऱ्यांच्या संख्येने, हा प्रश्न खरा आहे. मान्य. पण पुण्यात हेल्मेटमुळे स्कूटर सोडून चालत निघालेला एक माणूस दाखवा, मी पेढे देतो. आणि पुण्याच्या सक्तीला लॉकडाऊनआधी जेमतेम पंधरा महिने मिळाले. त्यातून ना तुमचं सिद्ध होतं ना माझं.

झाडीपट्टीचा:
पेठकर, एक सांगून राहिलो. भावाच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. बाकी अंगावर खरचटलं पण नव्हतं. तुमची भाजीची पिशवी राहू द्या आता.

शनिवारपेठी:
...वाईट झालं. मनापासून. माझा विरोध सक्तीला आहे, हेल्मेटला नाही. रात्री हायवेवर मीही घालतो.

ग्लासगोकर:
हे तीस प्रतिसाद आधी सांगितलं असतंत तर!

शनिवारपेठी:
मोजता येतं का? तुमच्या वर बाराच प्रतिसाद आहेत. म्हणे टाइम सिरीज.

शून्यरेषा:
@निवृत्त लेखनिक, खरंच विचारतोय. २०१२, २०१३, २०१४ च्या मार्चलाही टेबलावर तुम्हीच होतात का?

निवृत्त लेखनिक:
होतो. २०१३ ला जरा जास्तच भरलं. साहेबांची बदली व्हायची होती.